आईचं चर्च

कालगुर्ली,
मार्च २०२२

प्रिय हृषी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकशील, मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणशील, दादाला आता पत्र लिहायची काय हुक्की आली? फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू म्हणतोस "बोल", मी म्हणतो "नाही, तूच बोल", आणि मग लीना नाहीतर शुभदा मध्ये पडून हवापाण्यावर येतात. गेलं वर्षभर तर तेवढंही नाही. आपल्या बायकांच्या मेसेजवर दोन भावांचा कारभार चालला आहे. म्हणून कागद घेतला. यात तुला मला मध्येच थांबवता येणार नाही, आणि रागाच्या भरात फोन आपटायची सोय मलाही नाही.

इकडची पहिली खबर म्हणजे आमचं कुलूप निघालं. दोन वर्षं आमचं राज्य जगापासून दार लावून बसलं होतं, ते या महिन्यात उघडलं. तुमच्याकडे जुना होऊन गेलेला कोविड आमच्याकडे आत्ता नवा नवा आलाय. शुभदा इमर्जन्सीतून घरी येते ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपते. हृषीनं दोन वर्षं हेच केलं ना, असं ती परवा म्हणाली. ओवी आता माझ्या खांद्याच्या वर गेलीय. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, आणि इंग्रजीत विचारलं तर उत्तरच देत नाही. माझी खाण चालूच आहे. खाणीला लॉकडाऊन नव्हतं. रोजचा स्फोट, खिडक्यांची थरथर, तावदानांवर लाल धूळ. सगळं तसंच.

आणि स्वयंपाकघरालगतची खोली अजून रिकामी आहे. तिला आम्ही अजून आईची खोलीच म्हणतो. आई फेब्रुवारी वीसमध्ये तुमचं नवीन घर बघायला म्हणून इंग्लंडला गेली, तेव्हा आपलं ठरलं होतं: थोडे दिवस तुझ्याकडे, मग मार्चअखेर माझ्याकडे, कायमची. तिच्या गुडघ्यांसाठी मी कमी उंचीचा पलंग आणला. पर्थच्या एका गुजराती बाईंकडून कढीलिंबाचं रोप मिळवलं. ओवीनं ते सहा तास मांडीवर धरून आणलं. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, कारण आईच्या धरणाच्या साइटवरच्या क्वार्टरमध्ये तसा होता असं मला पुसटसं आठवत होतं. मग विमानं थांबली. आई तुझ्याकडे राहिली. यात तुझी चूक नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. पण हृषी, कळणं वेगळं आणि पोटात दुखणं वेगळं.

सुरुवातीला आईचे फोन रडवेले असायचे. तुमची सकाळ म्हणजे इकडची दुपार, इथल्या भाषेत आर्व्हो. मी शिफ्ट संपवून गाडीत बसलेला असायचो. तू हॉस्पिटलात, लीना वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, आणि आई खिडकीशी. "राजू, अरे इथं माणूसच दिसत नाही रस्त्यावर." आता खोटं लिहीत नाही: ते ऐकून वाईट वाटायचं आणि त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटायचं. तिला माझ्याकडेच यायचं आहे, तुझ्याकडे ती नुसती अडकली आहे, हे मी रोज तिच्या तोंडून काढून घ्यायचो. नेमाने.

आणि मग ते चर्च आलं. दिवसातून एकदा पाय मोकळे करायला बाहेर पडायची परवानगी होती, आणि तुमच्या मार्लिंगहॅममध्ये जायचं म्हटलं तर त्या चर्चच्या आवाराशिवाय दुसरं आहे काय? आतून बंदच होतं. आई नुसती बाहेरून फेऱ्या मारायची. पहिल्या दिवशी तिनं फोन भिंतीला जवळजवळ चिकटवला. "बघ राजू, भिंत गारगोट्यांची आहे! शेतातल्या गारगोट्या गोळा करून चुन्यात बसवल्यात. आठशे-नऊशे वर्षं उभी आहे." मी म्हटलं, छान. दुसऱ्या दिवशी दाराची कमान. अर्धगोल, तिच्यावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. "ही नॉर्मन लोकांच्या वेळची. पुढच्या खिडक्या बघ, टोकदार. म्हणजे नंतरच्या." आयुष्यभर पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून कालव्यांचे आणि सांडव्यांचे नकाशे काढलेली बाई. एखादी कमान दिसली की भार कुठून कुठे उतरतो हे ती बोटानं हवेत काढून दाखवते. पंधरवड्यात तिच्या आवाजातलं रडू गेलं. एकदा मी विचारलं, "आई, कंटाळलीस ना गं?" ती म्हणाली, "छे! आज मनोऱ्याच्या पायाशी दगडावर कोरलेलं घड्याळ सापडलं. मधल्या भोकात काडी घालायची आणि सावली बघायची. प्रार्थनेची वेळ कळायची त्यावरून." त्या दिवशी मी घरी जाऊन शुभदाला म्हटलं, आईला चर्चचं वेड लागलंय. शुभदा म्हणाली, बरं झालं की. बरं झालं! मला कुणाचीतरी साथ हवी होती, तीही मिळाली नाही.

उन्हाळ्यात चर्च उघडलं आणि माझं उरलंसुरलं राज्यही गेलं. चर्चची देखभाल बघणाऱ्या त्या वॉर्डनबाईंनी तिला आत नेलं, मोठ्या किल्लीनं दार कसं उघडायचं ते दाखवलं, आणि तेव्हापासून आमच्या फोनवर तू नाहीस, मी नाही, ओवीची शाळा नाही. सभामंडप, ओवरी, गाभारा. तिनं सगळ्याला आपली नावं देऊन टाकली होती. गाभारा मंडपाच्या ओळीत नाही, जरासा उत्तरेला कलला आहे, हे तिनं नुसत्या नजरेनं ओळखलं. लोक म्हणतात क्रुसावरच्या येशूची मान कलली म्हणून तसा बांधला, पण आई म्हणाली, "कुणी मुद्दाम नाही बांधला. जुन्या पायाशी नव्याची दोरी जुळली नाही. आमच्या कालव्यावर पण व्हायचं." छपराच्या तुळयांना पंख पसरलेले लाकडी देवदूत, एकालाही चेहरा नाही, मूर्ती नकोत म्हणणाऱ्यांनी पुढे एका शतकात करवतीनं उडवलेले. भिंतीच्या पोटात एक अरुंद जिना आहे, तो वर जातो आणि हवेत संपतो. पूर्वी तिथे लाकडी सज्जा होता, त्यावर क्रूस होता. राजानं पोपशी फारकत घेतल्यावर सज्जा पाडला, जिना मात्र कुणी बुजवला नाही. आई धापा टाकत त्या जिन्यावर चढली आणि वरून मला मंडप दाखवला. मी ओरडलो, पडशील! ती हसत होती. माझ्याशी बोलताना ती तशी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

मग मी काय केलं ते ऐक. मीही इंग्लंडच्या जुन्या चर्चवरचं एक जाडजूड पुस्तक मागवलं. गोडी म्हणून नव्हे, तिला चुकीत पकडायला. शिवाय एका रविवारी ओवीला घेऊन कूलगार्डीच्या रस्त्यावरचं एक पत्र्याच्या छपराचं चर्च दाखवायला निघालो. सोनं सापडलं तेव्हाचं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. फोन लावला, म्हटलं, आई, आमच्याकडेही आहे बरं का जुनं चर्च. तिनं नीट बघितलं, अगदी मनापासून बघितलं, आणि म्हणाली, "किती छान ठेवलंय! नवंच आहे ना?" ओवी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. परत येताना गाडीत म्हणाली, "डॅड, यू आर जेलस ऑफ अ बिल्डिंग." मी म्हटलं, नीट बस आणि पट्टा लाव.

पुस्तक मात्र एकदा उपयोगी पडलं. तुला त्या खांबांच्या दोन ओळी माहीत असतीलच. दक्षिणेकडच्या खांबांच्या माथ्यावर दगडात कोरलेली पानं, प्रत्येक खांबावर वेगळी: ओकची, द्राक्षाची, कसल्याशा रानवेलीची. उत्तरेकडचे खांब साधे, अष्टकोनी, वर नुसती एक पट्टी. आई म्हणाली, "दक्षिणेची ओवरी बांधून होत आली आणि प्लेग आला, राजू. काळा प्लेग. गावातली निम्मी माणसं गेली असतील. पाथरवट गेले. तीसेक वर्षांनी पुढच्यांनी उत्तरेची ओळ उभी केली, पण पानं कोरायला शिकवणारंच कुणी उरलं नव्हतं." मी तयारच होतो. म्हटलं, "याला पुरावा काय? पुस्तकात लिहिलंय, त्या सुमाराला फॅशनच बदलली. लोकांना साधं आवडायला लागलं." ती म्हणाली, "असेलही." आणि मला, सांगायला लाज वाटते, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन वेळेआधी आला. ती दक्षिणेच्या ओळीतल्या शेवटच्या खांबापाशी, भिंतीलगत उभी होती. वॉर्डनबाईंनी टॉर्च धरला होता. खांबाच्या एका बाजूची पानं पुरी झाली होती, शिरांसकट. दुसऱ्या बाजूला नुसता दगडाचा गड्डा, त्यावर छिन्नीचे ओरखडे, आणि मध्ये एक पान अर्धंच. आईचा आवाज अगदी हळू होता. "फॅशन बदलली म्हणून माणूस अर्धं पान सोडून जात नाही रे. मेला की पळाला, कुणास ठाऊक. पण संध्याकाळी छिन्नी ठेवताना उद्या येतो असंच म्हणाला असेल ना?" त्या आठवड्यात तुमच्याकडचे आकडे रोज बातम्यांत येत होते, आणि तू चार दिवस घरी न येता हॉस्पिटलजवळच राहिला होतास. मी गाडीत बसून त्या अर्ध्या पानाकडे बघत राहिलो. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "आई, जेवलीस का?"

पुढे चोरांनी उत्तरेच्या ओवरीच्या छपरावर अंथरलेलं शिसं काढून नेलं. पत्रा काढल्यासारखं छप्पर उघडं पडलं आणि पावसानं भिंतीवरचा चुना पोपडे धरून खाली आला. ते पहिल्यांदा आईनंच पाहिलं, तिथे रोज जाणारी तीच होती. आणि चुन्याच्या खाली रंग. सगळं गाव दारात मास्क लावून, अंतर ठेवून उभं राहिलं होतं, तो व्हिडिओ तूच पाठवलास, आपण बोलत होतो तेव्हा. पाण्यात उभा असलेला एक धिप्पाड माणूस, हातात सोटा, खांद्यावर लहान मूल. आईनं मला सांगितलं, हा संत प्रवाशांचा राखणदार. मूल म्हणजे बाळ येशू, त्याला तो नदीपार करतोय. म्हणून दारासमोरच्या भिंतीवर काढायचे, आत पाऊल टाकताच दिसावा. ज्यानं त्याला पाहिलं त्याला त्या दिवशी अवचित मरण येत नाही अशी समजूत. चित्रं पुसायचा हुकूम आला तेव्हा कुणीतरी त्याच्यावर चुना फासला, आणि चुन्यानंच त्याला राखला. आई बोलत होती, कॅमेरा हलत होता, आणि मी पटकन बोलून गेलो, "एकच मूल आहे ना खांद्यावर? दुसऱ्याला कुठं ठेवलं?"

कॅमेरा हलायचा थांबला. मी म्हटलं नेट गेलं असेल. नेट गेलं नव्हतं.

तुला मिरजेचं फार माहीत नाही, हृषी. बाबा गेले तेव्हा तू बोबडं बोलत होतास. आईला खात्यानं घेतलं आणि धरणाच्या साइटवर पाठवलं. साइटवरची शाळा चौथीपर्यंतच. मी पाचवीत जाणार होतो, म्हणून मला मिरजेला काकांकडे ठेवलं. काका-काकू वाईट नव्हते. काकू मला त्यांच्या मुलांआधी वाढायची, आणि तेच मला जास्त लागायचं, कारण पाहुण्याला आधी वाढतात. तू चौथी झालास तोवर आईची सांगलीला बदली झाली आणि तू तिच्याजवळच राहिलास. तोवर मी होस्टेलवर, मग धनबाद, मग इथे. बघ मोजून. तेव्हापासून एक सबंध वर्ष मी आणि ती एका छपराखाली राहिलेलो नाही. पिवळी खोली मी त्या हिशेबानं रंगवली होती. आणि ऐन वेळी पुन्हा तू आत, मी बाहेर. या वेळी तर तुझ्याबरोबर एक अख्खं चर्चही.

आता गेल्या वर्षीच्या त्या जानेवारीबद्दल. तुला माझी बाजू माहीत नाही, कारण मी ओरडलो आणि फोन ठेवला. आईचा फोन तीन-चार दिवस आला नव्हता. तू म्हणालास घसा बसलाय, नेटही धड नाही. मी मानलं. रविवार होता. तुमच्या व्हिकरबाई, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, ऑनलाइन प्रार्थना घेतात ती मी लपूनछपून बघायला लागलो होतो. देवधर्म म्हणून नाही, मागे कधी आईचे खांब दिसतात म्हणून. मी शिफ्टचे शर्ट इस्त्री करत होतो. त्या आजारी लोकांची नावं घेत होत्या. एक म्हातारे गृहस्थ, शाळेतली कुणी मुलगी, आणि मग "अँड अवर डिअर पॅड्मा, इन हॉस्पिटल." माझ्या आईचं नाव, हृषी. तिला ऑक्सिजन लावला आहे हे मला कॅमेऱ्यासमोर बसलेल्या एका अनोळखी बाईच्या तोंडून कळलं. शर्ट जळला. शुभदा वासानं धावत आली.

तुला फोन लावला तेव्हा तू म्हणालास, "दादा, तू तिथून काय करणार होतास?" तुला आठवत असेल मी काय म्हणालो ते. म्हणालो, प्रार्थना तरी केली असती, ती तर तुमच्या दूधवाल्यानंही केली. तू म्हणालास, मला आत्ता वेळ नाही. मी म्हणालो, तुला कधीच नव्हता, तुला मागावंच लागलं नाही कधी काही. आणि मग बाकीचं. त्या वेळी तू सलग किती तास उभा होतास, ते मला लीनाकडून खूप नंतर कळलं. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की सगळ्या गावाला माझी आई माहीत आहे, आणि मला कुणी विचारत नाही.

ती वाचली. घरी आली. मार्चमध्ये काठी टेकत पुन्हा त्या आवारात गेली. आणि आपण दोघं बोलायचे बंद झालो. आईनं त्यावर एक शब्द काढला नाही. ती चित्रं काढायला लागली. छप्पर दुरुस्तीसाठी आर्किटेक्ट यायचा होता, त्याच्या कामाला लागणार नव्हतं, तरी तिनं खांबाखांबाचं, कमानी-कमानीचं माप घेऊन सबंध चर्च कागदावर काढलं. ओवीला फोनवर शिकवलं: आधी मधली रेषा, मग बाकी सगळं. आमच्या जेवणाच्या टेबलावर कागदच कागद. ओवी आता तिच्याशी मराठीत बोलते, हृषी. "आजी, ही कमान कशी वळवू?" म्हणते. माझ्याशी नाही बोलत. यावरही मी जळलो, हे तू ओळखलंच असशील.

तर आता गेल्या रविवारचं. बॉर्डर उघडली तशी लीनाचा शुभदाला मेसेज आला की आई यायला तयार आहे, तारीख कळवा. मी ओवीला सांगितलं. तिला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, "बट डॅड, ईस्टरला नॉर्थ साइड ओपन होतेय. आजी इज शोइंग पीपल अराउंड." मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी आईला फोन लावला, आणि मनात ठरवून लावला की मोठेपणा दाखवायचा. म्हणायचं, आई, तू तिथंच राहा, तुझा जीव तिथं रमलाय. अर्धं वाक्य झालं असेल. ती म्हणाली, "मी काय पार्सल आहे का रे? एक भाऊ म्हणतो घेऊन जा, दुसरा म्हणतो ठेवून घे. मला कुणी विचारलं?" मग तिचा आवाज उतरला. "विचारायला मीही एकदा चुकले. मिरजेला ठेवताना तुला विचारलं नाही. दहा वर्षांचा होतास, कळत होतं तुला. तू भिंतीवरच्या त्या चित्राचं म्हणालास ना, तेव्हापासून मी हे बोलेन म्हणते आहे."

मी म्हटलं, जाऊ दे गं, जुनं आहे. ती म्हणाली, "थांब. तुला वाटतं हृषी जवळ होता म्हणून त्याला जास्त मिळालं. साइटवर मी रोज संध्याकाळी काय म्हणत बसायचे माहीत आहे? राजूनं आज काय खाल्लं असेल. राजूला ताप तर नसेल. राजू असता तर हे गणित चटकन सोडवलं असतं. एकदा मी गव्हाची खीर केली आणि म्हणाले, राजूला फार आवडते. हृषीनं वाटी फेकून दिली. पाच वर्षांचा होता. म्हणाला, राजूलाच आण, मी जातो मिरजेला. तो तुझ्यावर जळत मोठा झाला रे. इथंसुद्धा मी सकाळी उठले की कालगुर्लीत किती वाजले ते बघते, आणि तो बिचारा चहा घेऊन उभा असतो."

खरं का रे हे? तू कधी बोलला नाहीस. खीर तर मला अजून आवडते, पण आता खाताना विचार करावा लागेल. मी गाडीत बसून होतो. खाणीवरचा एक माणूस काचेवर टकटक करून म्हणाला, "यू राइट, मेट?" मी म्हटलं, नो वरीज. डोळे पुसायला धुळीचं कारण इथं नेहमीच तयार असतं.

आईनं मग तिचा बेत सांगितला. बेत तिचाच, त्यात आपल्या दोघांचं काही चालणार नाही. ईस्टरला ती लोकांना चर्च दाखवणार. मे महिन्यात माझ्याकडे येणार, आणि इथलं ऊन तापायला लागेपर्यंत राहणार. पुढचं पुढे, तेव्हा तिला विचारायचं. पण एकटी येणार नाही म्हणाली. "हृषीनं मला आणून सोडायचं. आणि त्याला तू बोलवायचंस. मी सांगणार नाही, लीना सांगणार नाही. तू." म्हणून हे पत्र. तिनं सांगितलं म्हणून लिहायला बसलो, हे खरं आहे. पण एक गोष्ट तिनं सांगितलेली नाही, ती माझी मी लिहितो. तू तिला वाचवलंस. वर्ष उलटून गेलं, मी तुला हे एकदाही म्हटलं नाही. तू तिच्याजवळ होतास म्हणून ती आज मला दटावू शकते. मी तिथे असतो तर तिला नुसता जेवलीस का विचारत बसलो असतो.

तेव्हा ये. सुट्टी काढ, लीनालाही आण. मी पर्थला विमानतळावर येईन. तिथून गाडीनं सहा तास, वाटेत बघण्यासारखं फार नाही, त्यामुळे बोलावंच लागेल. माझी असूया गेली आहे असं मात्र समजू नकोस, ती आहे तिथंच आहे. आई पुढे बसेल, माझ्याशेजारी. तू मागे बस.

तुझाच,
दादा